कोड वाचणारे पुष्कळ, तार मोजणारे थोडे

घाट चढता चढता गाडीचा जोर अचानक ओसरतो, मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी रांगतच राहते. अशी गाडी गॅरेजात गेल्यावर तिचं पुढे काय होतं ते बघून लिहा, असं संपादकांनी सांगितलं. म्हणून भोसरीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या शेडमध्ये जाऊन बसलो. हाताखालची पोरं त्यांना दादा म्हणतात.

पूर्वी पायाखालच्या पॅडलपासून इंजिनापर्यंत पोलादी केबल असायची. पाय दाबला की केबल ओढली जायची आणि हवेची झडप उघडायची. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूने आपल्या बारा सिलिंडरच्या ७ सिरीजमधून ही केबल काढली. पुढे उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले, तशी ही रचना साध्या गाड्यांतही आली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. आजच्या पेट्रोल मोटारीत केबल शोधूनही सापडायची नाही. आता पॅडल फक्त इच्छा कळवतं. झडप किती उघडायची हे कॉम्प्युटर ठरवतो आणि ती फिरवते एक छोटी डीसी मोटर.

दादांनी एक जुनी थ्रॉटल बॉडी उघडून माझ्यापुढे ठेवली. आत गोल पितळी रंगाची झडप, तिच्या दांड्याला प्लास्टिकचे दात, शेजारी मोटर आणि एक चिवट स्प्रिंग. मी बोट आत घालायला गेलो तसे ते म्हणाले, “ही सुटी आहे म्हणून ठीक. गाडीत असताना, चावी चालू असताना कधी बोट घालू नका. झडप झपकन मिटते.”

कपलरला बहुधा सहा तारा असतात. दोन मोटरच्या, उरलेल्या चारांत पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि दोन सेन्सरचे सिग्नल. झडप कुठे आहे हे दोन सेन्सर वेगवेगळे सांगतात. बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज चढतं तेव्हा दुसऱ्याचं उतरतं. दोघांचा मेळ बसला नाही, की कॉम्प्युटर कुणावरच विश्वास ठेवत नाही. पॅडललाही असेच दोन सेन्सर असतात. मोटर चालवायला कॉम्प्युटरमध्ये चार ट्रान्झिस्टरांचा पूल असतो. तो प्रवाहाची दिशा उलटसुलट करून झडप उघडतो आणि मिटतो. काही बिनसलं, तर तो मोटरचा प्रवाहच तोडतो. मग स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या जागी आणून ठेवते. गाडी रांगते ती त्यामुळे. माणूस निदान कडेला पोचावा म्हणून केलेली ही सोय आहे.

त्या दिवशी आलेल्या गाडीची थ्रॉटल बॉडी दुसरीकडे आधीच बदलून झाली होती, तरी दिवा परत लागला होता. स्कॅनरवर कोड पी२१०१: मोटरचं सर्किट अपेक्षेप्रमाणे काम करत नाही. पी२१०० म्हणजे सर्किट तुटलेलं, पी२१०२ म्हणजे व्होल्टेज कमी, पी२१०३ म्हणजे जास्त. कोड सर्किटाकडे बोट दाखवतो. त्या सर्किटात मोटर आहे, तारा आहेत, कपलर, फ्यूज, रिले आणि खुद्द कॉम्प्युटरही आहे. झडपेवर कार्बन साचून ती अडकली, तरी मोटरला जोर लावावा लागतो आणि हाच कोड येऊ शकतो.

दादांनी आधी बॅटरी पाहिली, मग फ्यूज आणि रिले. स्कॅनरवर मागितलेला कोन आणि प्रत्यक्ष कोन शेजारी शेजारी लावले. प्रत्यक्ष कोन मागे पडत होता. मग बॅटरीची तार काढून मोटरच्या तारांची दोन्ही टोकं सोडवली आणि मीटरने रोध मोजला. जवळजवळ शून्य, म्हणजे तार ठीक. बहुतेक लोक इथे थांबतात. दादांनी त्याच तारेतून एकवीस वॅटचा इंडिकेटरचा बल्ब बॅटरीवर लावला. बल्बला जवळपास पावणेदोन ॲम्पिअर लागतात. तो नुसता लालसर मिणमिणला. मीटर तारेतून नाममात्र प्रवाह सोडतो, म्हणून शाबूत राहिलेला एक धागाही त्याला पुरतो. पण सुतळीच्या एका पदरावर मोट ओढता येत नाही. हार्नेस ब्रॅकेटला घासत होता तिथलं आवरण सोललं, तर आत तांबं हिरवं पडलेलं आणि बरेच धागे तुटलेले. तेवढा तुकडा बदलला, स्लीव्ह चढवली, स्कॅनरवरून झडपेचं लर्निंग केलं. कोड परतला नाही. आधी बदललेला भाग चांगलाच होता.

हे वाचायला सरळ वाटतं. रोजच्या कामात तसं नसतं. दोष गाडी तापल्यावर येतो आणि शेडमध्ये उभी केली की जातो. पावसाळ्यात कपलरमध्ये ओल शिरते, उंदीर तारा कुरतडतात. मोटर आतून शॉर्ट असेल, तर ती कॉम्प्युटरचे ट्रान्झिस्टर जाळते. ते न पाहता नवा कॉम्प्युटर बसवला तर तोही जळायची भीती. अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात या तक्रारींवरून २०१० मध्ये नासाच्या इंजिनिअरांना पाचारण करावं लागलं. त्यांना मोठ्या वेगवाढीचा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, पण काही पॅडल सेन्सरांत टिनचे केसाहून बारीक तंतू वाढलेले सापडले. एवढं सूक्ष्म कारण शोधायला लागतो तो वेळ, आणि गॅरेजात नेमकी त्याचीच वानवा.

छोट्या गॅरेजला सर्व गाड्यांचे वायरिंग डायग्राम मिळत नाहीत. ऑसिलोस्कोप महाग. आणि गिऱ्हाईक तासभर तपासणीचे पैसे द्यायला कुरकुरतं, पण हजारो रुपयांचा भाग मुकाट्याने घेतं. त्यामुळे मोजणाऱ्यापेक्षा बदलणाऱ्याचा धंदा बरा चालतो. दादांच्या पोरांपैकी किती जण हा बल्बचा धडा पुढे नेतील, याची मला काळजी वाटते.

तुमच्या गाडीत हा दिवा लागला आणि कुणी थ्रॉटल बॉडी बदलायला सांगितली, तर एवढंच विचारा: तारेवर भार टाकून पाहिलात का, आणि आकडा काय आला? आकडा सांगणाऱ्या माणसाला तपासणीचे पैसे आनंदाने द्या.