खरवडू नका, तो रोग नव्हे

पावसाळा सरत आला की राधानगरी, गगनबावडा, आजरा या पट्ट्यात तीच तक्रार पुन्हा ऐकू येते : फणसाला, जांभळाला बुरशी चढली, खोडावर पांढरे-करडे चट्टे पडले, आता झाड वाळणार. मग कोयत्याने खोड खरवडायचं आणि वर बोर्डो मिश्रण फवारायचं. हा उपद्व्याप थांबायला हवा. ते चट्टे म्हणजे शैवाक, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं. शैवाक हे बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र जगणं आहे, हे सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने 1860च्या दशकातच मांडलं. म्हणजे त्यात बुरशी असते हे खरं. पण तिला अन्न पुरवतं ते शैवाल, झाड नव्हे. पाणी आणि क्षार पावसातून, हवेतून मिळतात. साल ही नुसती चिकटून राहायची जागा. शंका असेल त्याने पन्हाळ्याची तटबंदी पाहावी. असेच चट्टे तिथे काळ्या दगडावर वाढतात, आणि त्या दगडात खायला काहीच नसतं. ‘पण वाळक्या फांदीवरच ते जास्त दिसतात,’ असं कुणी म्हणेल. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष उलटा. फांदीची पानं गळली की तिच्यावर ऊन पोचतं आणि शैवाकाला फावतं. फांदी वाळते ती खोडकिड्याने, नाहीतर मुळाशी साचलेल्या पाण्याने. चट्टे काढून ते कारण जात नाही.

उलट खरवडण्याने झाडाला जखम होते, आणि खरा धोका तिथूनच शिरतो. हवाईच्या वर्षावनांचा कणा असलेला ओहिआ हा वृक्ष आपल्या जांभळाच्याच कुळातला. सेराटोसिस्टिस या बुरशीने तिथे लाखो ओहिआ मारले. 2014 मध्ये ती ओळखली गेली, आणि 2018 मध्ये तिच्या दोन नव्या जातींना नावं मिळाली. ती जखमेतून आत जाते, लाकडातले पाण्याचे मार्ग बंद करते आणि शेंडा काही आठवड्यांत तपकिरी पडतो. सालीवर मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या निरुपद्रवी चट्ट्यांसाठी झाडाला घाव घालणं किती घातक ठरू शकतं, हे यावरून समजावं.

शैवाक म्हणजे अस्वच्छता, हेही चूक : पॅरिसच्या दूषित हवेत ते नाहीसे होतात, हे विल्यम नायलँडरने 1866 मध्ये नोंदवलं होतं. खोडावरचं हिरवं शेवाळही निरुपद्रवी. मुळाशी उगवलेली सगळी अळंबी रोगाची नसतात. कित्येक बुरश्या मुळांना पाणी आणि स्फुरद मिळवून देतात. मात्र अतिपावसाच्या पट्ट्यात फणस, काजू, आंब्याच्या फांदीवर गुलाबी पापुद्रा चढून खालची साल मरत असेल, तर तो खरोखर बुरशीचा रोग. तिथे रोगट भागाच्या खालून फांदी छाटावी, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी आणि छाटलेली फांदी जाळून टाकावी.