कुंडीतील ट्युलिपचा बहरोत्तर जीवनक्रम

कुंडीतील ट्युलिपच्या पाकळ्या गळून पडल्या, की त्या झाडाचे कार्य संपले, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. हिरवी पाने कापून टाकली जातात, अथवा कुंडी कोपऱ्यात सारून पाणी बंद केले जाते. आणि पुढील वर्षी फूल आले नाही म्हणजे त्याचा दोष मातीला वा खताला दिला जातो. वस्तुतः पुढील फुलाचे भवितव्य बऱ्याच अंशी ह्याच उपेक्षित काळात ठरत असते.

हे समजण्यासाठी प्रथम कंदाची रचना लक्षात घ्यावयास हवी. तपकिरी आवरणाच्या आत बहुधा तीन ते पाच मांसल खवले असून त्यांत मुख्यतः स्टार्चचा साठा असतो. नार्सिसस किंवा हायसिंथ ह्यांचा कंद वर्षानुवर्षे टिकतो. ट्युलिपचा टिकत नाही. मुळे, पाने व फूल ह्यांवर आपला संचय खर्च करून मूळ कंद सुरकुतून जातो आणि त्याच्या खवल्यांच्या बगलेतील कळ्यांपासून नवे कंद तयार होतात. तेव्हा ट्युलिपचा कंद जपणे म्हणजे खरे पाहता त्याचा वारस वाढविणे होय.

ह्या नव्या कंदांची बहुतेक वाढ फूल कोमेजल्यानंतर होते. म्हणून कोमेजलेले फूल तेवढे खुडावे, म्हणजे बी धरण्यात अन्न खर्च होत नाही. देठ मात्र ठेवावा, कारण तोही हिरवा असून प्रकाशसंश्लेषणास हातभार लावतो. पाने आपोआप पिवळी पडेपर्यंत, म्हणजे सुमारे सहा आठवडे, कुंडीस भरपूर उजेड, शक्य तितकी थंड जागा व बेताचे पाणी द्यावे. कुंडीतील थोडी माती लवकर सुकते, तशीच निचरा नसल्यास लवकर चिबडते; दोन्ही गोष्टी टाळणे अगत्याचे आहे. पाने वाळली, की पाणी बंद करून कंद काढावेत व सावलीत सुकवावेत. साधारणपणे १० सें.मी. वा त्याहून अधिक घेराच्या कंदापासून फुलाची अपेक्षा करता येते. लहान कंद बहुधा एकच पान देतो.

काढलेला कंद सुप्त दिसतो, परंतु तो निष्क्रिय नसतो. नेदरलंड्समधील वागेनिंगेन येथे ए. एच. ब्लाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० नंतरच्या काळात केलेल्या अभ्यासातून कंदाच्या अंतर्भागातील ह्या घडामोडींचा क्रम स्पष्ट झाला. उन्हाळ्यातील साठवणीत, सुमारे १७ ते २० °से. तापमानात, परिदले, केसरदले व शेवटी किंजपुट असे पुढील वर्षाचे संपूर्ण फूल सूक्ष्म रूपात तयार होते. ह्या काळात कंद हवेशीर जागी ठेवावेत. फ्युजेरियम बुरशीने कुजलेला कंद एथिलीन वायू सोडतो व त्यामुळे शेजारच्या निरोगी कंदांतील कळीही मरू शकते. पिकणाऱ्या सफरचंदांपासून व केळ्यांपासूनही हाच वायू निघतो. म्हणून फळांजवळ कंद ठेवू नयेत.

फूल घडले तरी ते वर येण्यासाठी थंडी लागते. सुमारे ५ ते ९ °से. तापमानात १२ ते १६ आठवडे गेल्याशिवाय देठ नीट लांबत नाही. कळी पानांतच खुंटते वा सुकते. मध्य आशियातील डोंगराळ प्रदेशात, जेथे ह्या प्रजातीच्या अनेक जाती वन्य अवस्थेत वाढतात, कोरडा उन्हाळा, कडक हिवाळा व अल्पकालीन वसंत असा ऋतुक्रम असतो. ट्युलिपचा जीवनक्रम त्याच्याशी तंतोतंत जुळलेला आहे. काश्मीरच्या खोऱ्यातही हिवाळा ही गरज आपोआप भागवितो.

महाराष्ट्राच्या पठारावर तसे घडत नाही. पुण्यास हिवाळ्यातील काही रात्री थंड असल्या तरी दिवस उबदार असतात, आणि बहरानंतर लगेच येणारा उन्हाळा पाने अकाली वाळवून कंदाची वाढ खुंटवितो. येथे कुंडीत फुलणारे ट्युलिप बहुधा आधीच शीतगृहात ठेवलेल्या कंदांचे असते. ह्या कंदांची पाने जपली व पुढे त्यांना शीतकपाटात थंडी दिली, तरी कंद पुरेसा मोठा न झाल्यास फूल येणार नाही. नेदरलंड्समध्येही कुंडीत वेळेआधी फुलविलेले कंद बहुधा टाकूनच देतात, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सारांश, पानांनी साठवण करावी, उन्हाळ्याने फूल घडवावे व थंडीने ते वर आणावे, असे हे तीन टप्पे असून त्यांपैकी एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. फूल न येण्याचे कारण शोधताना खताचा विचार करण्यापूर्वी ह्या तिहींपैकी कोणता टप्पा अपुरा राहिला, ते पाहणे अधिक शास्त्रीय ठरेल.