आमच्या घरातली दातांची डॉक्टर

दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर उभे राहिले की सारे गाव एका ठिकाणी भेटते. नवे कपडे, गणेश मंदिराकडे निघालेली गर्दी, आणि जो तो ओळखीचे तोंड शोधत असतो. आमची गोष्ट मात्र थोडी निराळी. आमच्याकडे पाहून लोक हसतात, आणि हसता हसता मध्येच थबकून ओठ मिटून घेतात. कारण माझ्या शेजारी आमची सौ. उभी असते आणि ती दातांची डॉक्टर आहे. "डॉक्टर, पुढच्या आठवड्यात नक्की येतो हं," असे फराळाच्या दिवशी सांगणारे किमान दहाजण तरी भेटतात. मी कल्याणच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. इतक्या वर्षांत माझ्याकडे पाहून कोणी, "सर, पुढच्या आठवड्यात व्याकरण पक्के करून येतो," असे म्हटल्याचे आठवत नाही.

पण आज सांगायचे आहे ते विनोदाचे नाही. २०१८ सालच्या गणपतीत आमचा मुलगा सहा वर्षांचा होता. मोदक खाताना तो म्हणाला, "आई, हिरडीतून रक्त येतंय." मी म्हणालो, "नीट ब्रश करत नाहीस, दुसरे काय?" शिक्षकाला उत्तर नेहमी तयार असते. सौ. काही बोलली नाही. तिने त्याला खाली दवाखान्यात नेले (आमचा दवाखाना त्याच इमारतीत तळमजल्यावर आहे), खुर्चीवर बसवले आणि दिवा लावला. हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या, कडेने रक्त झिरपत होते, आणि टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. तिने दिवा मालवला. "अहो, उद्या नको, आत्ताच याचं रक्त तपासून आणा," एवढेच ती म्हणाली. त्या आवाजात ती माझ्याशी पूर्वी कधी बोलली नव्हती.

संध्याकाळी रिपोर्ट आला. प्लेटलेट अठरा हजार. त्या दीड लाखाच्या वर हव्यात. चार दिवसांत आम्ही परळला टाटा रुग्णालयात होतो आणि आजाराला नाव मिळाले होते : रक्ताचा कर्करोग, त्यातला मुलांमध्ये सर्वांत अधिक आढळणारा प्रकार. हाडांच्या आतल्या मगजात अर्धवट पेशींची बेसुमार पैदास होते आणि त्या गर्दीत कामाच्या पेशींना जागाच उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या म्हणून मूल फिकट दिसते, प्लेटलेट घटल्या म्हणून रक्त झिरपते, आणि लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटल्या म्हणून साधा तापही जिवावर बेततो. हिरड्यांचे दुखणे तिथून आले होते. ब्रशाचा दोष नव्हता.

डॉक्टरांनी धीर दिला तो आकड्यांनी. चांगल्या उपचारांच्या सोयी असलेल्या देशांत आज या आजाराची शंभरातली ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. पूर्वी असे नव्हते. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी सोळा मुलांना एक नवे औषध दिले, त्यांतल्या दहाजणांना काही काळ आराम पडला आणि ही जगाला आश्चर्याची बातमी वाटली. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिथले संशोधनप्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आमच्या मुलाला शिरेतून जे दुसरे औषध दर आठवड्याला मिळू लागले, त्याचे मूळ तर आमच्याच गॅलरीतल्या कुंडीत होते. सदाफुली! तिचा शेकडो किलो पाला आटवावा तेव्हा कुठे चिमूटभर औषध निघते. माझी आई रोज देवाला जास्वंदी वाहायची. हे कळल्यापासून तिने सदाफुलीही वाहायला सुरुवात केली.

आता दवाखान्याचे सांगतो. नोकरदाराला आजारी मुलासाठी रजा मिळते, निदान मागता येते. एकट्या डॉक्टरचा दवाखाना म्हणजे एकखांबी तंबू. डॉक्टर उभी आहे तोवर दवाखाना उभा. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रेचे यंत्र, उपकरणे उकळत्या वाफेत निर्जंतुक करायचे यंत्र, हे सारे कर्जावर घेतलेले. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. बँकेला मूल नसते. शिवाय मदतनीस बाईचा पगार. आणि सर्वांत अवघड म्हणजे अर्धवट राहिलेली कामे. त्या दिवशी तिच्याकडे अकरा रुग्ण असे होते की ज्यांच्या दाढेची नस काढून वर तात्पुरते सिमेंट भरले होते. ते सिमेंट काही आठवडे टिकते. नंतर झिजते, आत जंतू शिरतात आणि केलेले काम फुकट जाते.

परळच्या वॉर्डात सलाइनच्या बाटलीखाली बसून सौ.ने अकरा जणांना फोन केले. आमच्याच रस्त्यावर दुसरे एक दंतवैद्य आहेत. धंद्यातले प्रतिस्पर्धी, सात वर्षांत नमस्कारापलीकडे बोलणे नव्हते. त्यांना कुठून तरी कळले. ते म्हणाले, "सगळे माझ्याकडे पाठवा. मी पुरे करून परत तुमच्याकडे धाडतो." अकराच्या अकरा त्यांनी परत पाठवले. दवाखाना चालवणाऱ्यालाच या वाक्याची किंमत कळेल.

पहिला महिना असा गेला. उपचार अडीच वर्षे चालणार होते. आणि तेव्हा मी एक गोष्ट केली, ती लिहायला आजही लाज वाटते. एका रात्री मी तिला म्हणालो, "दवाखाना बंद कर. कर्ज फेडू कसेतरी. या वेळी मुलाला आई हवी."

तिने शांतपणे विचारले, "आणि बाबा नको?"

मी म्हणालो, माझी नोकरी आहे, पगार आहे, पेन्शनचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "माझंही काम आहे. तुम्ही बिनपगारी रजेचा अर्ज करायचा विचार एकदा तरी केलात का? केला असतात आणि मग बोलला असतात, तर मी ऐकलं असतं."

खरे सांगतो वाचकहो, मी तो विचार केलाच नव्हता. आणि गंमत अशी की त्याच आठवड्यात मी वर्गात आनंदीबाई जोशी शिकवत होतो. त्यांचे माहेर आमच्या कल्याणचे. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि योग्य उपचार न मिळाल्याने दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या वैद्यकीकडे वळल्या, अमेरिकेला गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आल्या आणि १८८७ साली बाविसाव्या वर्षाच्या आतच वारल्या. वर्गात यावर मी चाळीस मिनिटे गहिवरून बोलत असे. घरी आल्यावर माझ्याच घरातल्या डॉक्टरला शटर ओढायला सांगत होतो.

मग आम्ही वेळापत्रक आखले. परळच्या वाऱ्यांपैकी निम्म्या माझ्या. पहाटेची जलद गाडी पकडायची, दादरला उतरून धीमीने परळ गाठायचे, आणि मुलाला पाठीशी घेऊन गर्दीत अंगाचा कोट करायचा. मी सकाळची व्याख्याने दुपारवर नेली. सौ.ने दवाखाना फक्त संध्याकाळी पाच ते नऊ ठेवला. आई घरी नातवाजवळ. परळच्या रांगेत आम्ही विदर्भ-मराठवाड्यातूनच नव्हे, बिहार-बंगालमधून आलेले आईबाप पाहिले. कोणी नाना पालकर स्मृती समितीत उतरलेले, कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. ज्यांना रात्री आपल्या घरी परतता येते असे आम्ही भाग्यवान, हे तिथे कळले.

सौ.ची खरी परीक्षा घरी होती. दिवसभर दहाजणांच्या तोंडात हात घालून आलेली आई मुलाजवळ तशीच जाऊ शकत नाही. रात्री नऊला ती मागच्या दाराने यायची, स्नान करायची, कपडे निराळे भिजवायची, आणि मग त्याच्या खोलीत. तोवर तो दारातून ओरडायचा, "आई, झालं का?" औषधांनी त्याचे तोंड आतून सोलून निघे. पाणी गिळतानाही रडायचा. गावाची तोंडे दुरुस्त करणारी बाई आपल्या मुलाच्या तोंडापुढे हात बांधून बसायची. सोड्याच्या कोमट पाण्याच्या चुळा, मऊ ब्रश, बर्फाचा खडा, एवढेच तिच्या हाती. त्यातच त्याचे दुधाचे दात हलू लागले. वयच ते! इतर मुलांचा दात हलला की घरात कौतुक, आमच्याकडे चिंता. त्या अवस्थेत दात काढायचा तर आधी प्लेटलेट पाहाव्या लागतात, नाहीतर रक्त थांबत नाही. ती रोज रात्री टॉर्च लावून पाहायची आणि म्हणायची, "राहा रे बाबा अजून थोडे दिवस."

एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या होत्या आणि सात वाजता त्याला ताप भरला. अशा तापात तासाभराच्या आत प्रतिजैविक शिरेतून गेले पाहिजे, हे आम्हाला बजावले होते. मी धावत खाली गेलो. खुर्चीवर एक आजोबा होते. त्यांची दाढ उघडलेली, नस अर्धी निघालेली. सौ.ने माझ्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले. "तुम्ही टॅक्सीनं ठाण्याला निघा, मी तिथल्या डॉक्टरांना फोन करते. वीस मिनिटांत हे बंद करून येते." मी मुलाला घेऊन निघालो. ठाण्याच्या रुग्णालयात सुई टोचताना तो आईला हाका मारत होता. ती आली तेव्हा त्याला झोप लागली होती.

तो त्यातून उठला. पण त्या वीस मिनिटांविषयी आम्ही दोघे आजही बोलत नाही. आजोबांना तसेच सोडले असते तर ते रात्रभर तळमळले असते हे मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे. तरी एकदा झोपेतून उठून ती म्हणाली, "मला हाक मारत होता ना?" मी खोटे बोललो. "नाही गं," म्हणालो.

मग मार्च २०२० उजाडला. टाळेबंदी आली, लोकल थांबल्या. ड्रिलच्या पाण्याचे तुषार हवेत उडतात म्हणून दवाखान्यांना कुलूप लागले. मी मागितले होते ते आयते मिळाले : दवाखाना बंद आणि आई घरी. पण ती दिवसातून दोनदा खाली जाऊन बंद खुर्ची पुसून यायची, आणि ज्यांची दाढ ठणकत होती त्यांना फोनवर औषध सांगायची. सारे गाव मास्क लावून हात धूत होते. मुलगा म्हणाला, "बाबा, आता सगळेच माझ्यासारखे झाले." परळच्या वाऱ्यांसाठी शेजाऱ्यांनी आपली गाडी दिली. हप्ते माझ्या पगारातून गेले. तिच्या कमाईवर गेली दीड वर्षे घर चालले होते, हे तेव्हा हिशेबाच्या वहीत दिसले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये औषधे थांबली. आता तो तेराव्या वर्षात आहे, क्रिकेट खेळतो, गणितात काठावर पास होतो. तपासणीला अजून नेतो. रिपोर्ट हाती येईपर्यंत आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहत नाही. बरोबरच्या रांगेतली काही मुले नंतर दिसली नाहीत. त्यांच्या आईबापांना फोन करायचा धीर मला अजून झालेला नाही.

ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांना एवढेच सांगेन : मूल फिकट दिसू लागले, कारण नसता अंगावर काळेनिळे डाग उठले, हाडे दुखतात म्हणाले, ताप हटेना, हिरडीतून रक्त येऊ लागले, तर माझ्यासारखे तयार उत्तर देऊ नका. बहुधा काही नसेल. पण साधी रक्ततपासणी करून घ्या.

औषधे थांबल्यावर दोन महिन्यांनी त्याची एक दुधाची दाढ हलू लागली. सौ.ने रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि त्याला खाली नेऊन त्याच खुर्चीवर बसवले. दिवा लावला. मी दाराशी उभा होतो. "तोंड उघड," ती म्हणाली. दाढ निघाली, थोडे रक्त आले, कापसाचा बोळा दाबला, आणि पाच मिनिटांत रक्त थांबले.

"झालं?" त्याने विचारले.

"झालं," ती म्हणाली, आणि बाहेर थांबलेल्या रुग्णाला आत बोलावले.