कब-बुलबुल पथकाच्या पहिल्या तीन सभा

कोणतेही पथक पुढे वर्षभर कसे चालेल, हे पुष्कळ अंशी त्याच्या पहिल्या तीन सभांवर अवलंबून असते. मोठ्या वयाची मुले नव्या मंडळीत शिरताना थोडी अवघडली, तरी आपले आपण निभावून नेतात. परंतु सहा-सात वर्षांच्या मुलास वर्गातील नेहमीची जागा सोडून नव्या वर्तुळात उभे राहावयाचे, म्हणजे ते एक धाडसच असते. ‘येथे मला कोणी ओळखते काय?’ हा एकच प्रश्न त्याच्या मनात असतो. त्याचे उत्तर पहिल्या दिवशी मिळाले नाही, तर ते मूल भांडत नाही की तक्रार करीत नाही. पुढच्या शनिवारी ते येत नाही, इतकेच.

एका द्विशिक्षकी शाळेत असेच घडले. पथक मोठ्या उत्साहाने सुरू झाले. पहिल्याच सभेत ध्वजवंदन झाले, पाहुण्यांचे भाषण झाले, वचन पाठ म्हणवून घेण्यात आले आणि शेवटी गणवेशाच्या वस्तूंची यादी फळ्यावर लिहिण्यात आली. शिक्षकांची तळमळ खरी होती. परंतु त्या तासाभरात एकाही मुलाने स्वतःचे नाव उच्चारले नव्हते. महिन्याभरात पथकात उरली ती गणवेश शिवणे परवडणाऱ्या घरांची मुले. बाकीची कुंपणापाशी उभी राहून खेळ पाहत. ज्यांना ह्या पथकाची सर्वांत अधिक गरज होती, तीच मुले बाहेर राहिली. पहिल्या सभांचे नियोजन करावयाचे ते हे टाळण्यासाठी.

चळवळीची थोडी पूर्वपीठिका

बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर भरविले व त्यातून बालवीर चळवळ उभी राहिली. मोठ्या मुलांचे पाहून त्यांची धाकटी भावंडेही हट्ट धरू लागली. त्यांच्या वयास झेपेल असा निराळा कार्यक्रम बेडन-पॉवेल यांनी १९१६ साली आखला. त्यासाठी त्यांनी रडयार्ड किपलिंग यांच्या १८९४ सालच्या ‘जंगल बुक’चा आधार घेतला. किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला, आणि त्यांच्या कथेतील अरण्य म्हणजे मध्य प्रदेशातील शिवनीचा मुलूख. आपल्या नागपूर जिल्ह्यास लागून असलेले पेंचचे जंगल त्याच पट्ट्यात येते. तेव्हा ही कथा आपल्या मुलांस परकी वाटण्याचे कारण नाही.

भारतात निरनिराळ्या संघटनांचे एकीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संस्था स्थापन झाली. १९५१ साली मुलींची गाईड संघटनाही तीत सामील झाली. प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांस ‘कब’ व मुलींस ‘बुलबुल’ म्हणतात. पथकाचे सहा-सहा मुलांचे गट पाडतात, त्यांस षटके म्हणतात. वचन, नियम, सलामी, प्रवेशविधी हे सर्व पुढे यथाक्रम येतेच. पहिल्या तीन सभांत त्याची घाई करू नये. ज्या मंडळीस मूल ओळखत नाही, त्या मंडळीत दिलेले वचन म्हणजे केवळ पाठांतर होय.

सभेपूर्वीची तयारी

सुरुवात बारा मुलांनी करावी. चोवीस मुलांची नावे पहिल्या दिवशी शिक्षकांच्याही ध्यानात राहत नाहीत, मग मुलांच्या कोठून राहणार? बारा मुले निवडताना ती एकाच आळीची किंवा केवळ हुशार गणली जाणारी नसावीत. गावठाण, मळ्यातील वस्ती, पलीकडचा पाडा, अशा सर्व ठिकाणची दोन-दोन, तीन-तीन मुले घ्यावीत. बाकीच्या मुलांस त्यांची पाळी केव्हा येईल ते आधीच सांगावे व तो शब्द पाळावा.

पहिल्या सभेपूर्वी प्रत्येक घरी एकदा जाऊन यावे. ‘गुरुजी, ह्यात पोराचा अभ्यास बुडणार नाही ना?’ हा प्रश्न बहुतेक घरी निघतो. त्याचे उत्तर तयार असावे. सभा कोणत्या वारी, किती वेळ, मूल घरी केव्हा परतेल, बरोबर कोण असेल आणि खर्च काय, एवढ्या पाच गोष्टी पालकांस स्वच्छ सांगाव्यात. खर्चाविषयीचे उत्तर, ‘पहिल्या तीन सभांस एक पैसाही लागणार नाही,’ असेच असले पाहिजे. गणवेशाचा विषय तोवर काढू नये. पालकांची लेखी संमती घ्यावी. ज्यांस लिहिता येत नाही त्यांस मजकूर वाचून दाखवावा. सभेस दोन प्रौढ व्यक्ती हजर असाव्यात, बुलबुलच्या सभेस शिक्षिका असलीच पाहिजे, आणि कोणत्याही प्रौढाने मुलाबरोबर एकट्याने आडोशास थांबू नये.

घरभेटीत आणखी एक गोष्ट कळते: मुलास घरी कोणत्या नावाने हाक मारतात. हजेरीपटावरील नाव एक, घरचे दुसरे आणि वर्गातील मुलांनी चिडविण्यासाठी पाडलेले तिसरे, असे पुष्कळदा असते. त्यांपैकी कोणते नाव मुलास हवे, ते मुलासच विचारावे.

पहिली सभा : नाव

पहिली सभा पन्नास मिनिटांहून अधिक लांबवू नये. शनिवारची सकाळची शाळा सुटण्यापूर्वीचा तास त्यासाठी सोयीचा पडतो. पटांगणात सावली पाहून काठीने मोठे वर्तुळ आखावे. वर्तुळास पहिली रांग नाही व शेवटची रांगही नाही. म्हणूनच ते येथे उपयोगी पडते. शिक्षकांनीही खुर्ची न घेता त्याच रेषेवर उभे राहावे.

पहिली पाच मिनिटे स्वागताची. जे मूल येईल त्यास नावाने हाक मारून वर्तुळात जागा द्यावी. नंतरची दहा मिनिटे चेंडूच्या खेळाची. चिंध्यांचा चेंडू घेऊन शिक्षकांनी प्रथम स्वतःचे नाव सांगावे व चेंडू शेजारच्या मुलाकडे द्यावा. एक फेरी पुरी झाली की, समोरच्याचे नाव घेऊन त्याच्याकडे चेंडू टाकावयाचा. नाव आठवले नाही तर ‘तुझे नाव सांग’ असे म्हणण्याची मुभा असावी. चूक झाल्यास कोणी हसू नये, हा पथकाचा पहिला नियम मुलांनी येथेच शिकावा.

ह्या सभेत केवळ पाळण्यातले नाव घ्यावे, आडनाव घेऊ नये. आडनावावरून व आळीवरून गावातील मोठ्या माणसांस जे कळते, ते मुलांनी एकमेकांविषयी पहिल्याच दिवशी शिकावे असे कोणत्याही शिक्षकास वाटणार नाही. ‘तुझे वडील काय करतात?’ हा प्रश्नही टाळावा. एखाद्याचे वडील नसतात, एखाद्याचे दूरदेशी असतात, आणि उत्तर द्यावयाचे कसे ह्या विचाराने ते मूल सबंध तास गप्प बसते. त्यापेक्षा ‘तुला काय काय करता येते?’ हे विचारावे. पोहणे, शेळी राखणे, भाकरी थापणे, झाडावर चढणे, धाकट्या भावास निजविणे. ह्या प्रश्नास प्रत्येकाजवळ उत्तर असते.

पुढील दहा मिनिटे ‘तळ्यात-मळ्यात’ खेळावे, पण चुकणाऱ्यास बाद करू नये. बाद होण्याच्या खेळात जे मूल बुजरे किंवा मंद असते, तेच सर्वांत आधी बाहेर बसते व ज्याला खेळाची गरज त्यालाच खेळ मिळत नाही. चुकणाऱ्याने एक उडी अधिक मारून पुन्हा खेळात यावे. त्यानंतर पंधरा मिनिटे हातकाम: जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर प्रत्येकाने आपले नाव लिहावे, ज्यास लिहिता येत नाही त्याने आपल्या आवडीचे पान, पक्षी किंवा जनावर काढावे. दोरा ओवला की ओळखीचा बिल्ला तयार होतो. शेवटची दहा मिनिटे वर्तुळात बसून मोगलीच्या गोष्टीचा आरंभ सांगावा. निरोप देताना पुन्हा प्रत्येकाचे नाव घ्यावे. अशा रीतीने पन्नास मिनिटांत प्रत्येक मूल आपले नाव निदान चार वेळा तरी ऐकते.

दुसरी सभा : दोघांचा शब्द

जंगल बुकातील मोगली हे माणसाचे पोर. लांडग्यांच्या सभेपुढे त्यास आणले जाते, तेव्हा त्यास घ्यावे की न घ्यावे असा वाद पडतो. त्या सभेचा नियम असा की, वादात सापडलेल्या पिल्लाच्या बाजूने त्याच्या आईबापांखेरीज दोघांनी बोलले पाहिजे. बालू अस्वल बोलते, बघीरा त्यास दुजोरा देतो, आणि पोर कळपात घेतले जाते. परक्यास आपले करून घेण्याची ह्याहून सोपी रीत मुलांस सांगणे कठीण.

दुसऱ्या सभेत हाच भाग सांगून तोच खेळ करावा. तिघातिघांचे गट करावेत. तिघेही एकाच वस्तीचे नसावेत. सात-आठ मिनिटे त्यांनी आपसांत तीन प्रश्न विचारावेत: तुला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते? तुला काय चांगले येते? तुला काय शिकावेसे वाटते? नंतर सर्वांनी वर्तुळात यावे. कोणीही स्वतःविषयी बोलावयाचे नाही; दोन सोबत्यांनी तिसऱ्याविषयी प्रत्येकी एक वाक्य बोलावयाचे. वर्तुळाने मोठ्याने त्याचे नाव घेऊन त्यास आत घ्यावयाचे.

ह्या खेळाचा गुण असा की, जे मूल चारचौघांत तोंड उघडीत नाही त्याचाही परिचय होतो व त्यास लाजेने मान खाली घालावी लागत नाही. मुलाची घरची बोली निराळी असेल, गोरमाटी, भिली किंवा गोंडी असेल, तर त्याच्या बोलीतील एक शब्द सोबत्यांनी शिकून सर्वांस सांगावा. वर्गात जी बोली त्यास अडचण वाटते, तीच येथे त्याने सर्वांस दिलेली देणगी ठरते.

तिसरी सभा : गट आणि घर

तिसऱ्या सभेत दोन षटके पाडावीत. ‘चला, आपापले गडी निवडा’ असे कदापि म्हणू नये. अशा निवडीत शेवटी उरलेले मूल तो प्रसंग फार दिवस विसरत नाही. सभेपूर्वी प्रत्येक मुलास बाजूस बोलावून, ‘तुझ्या गटात कोण असावे?’ एवढेच विचारावे. प्रत्येकास आपल्या पसंतीचा निदान एक सोबती मिळेल आणि उरलेले नवे असतील, अशी विभागणी शिक्षकांनी स्वतः करावी. षटकनायकाची नेमणूक इतक्यात करू नये. काही आठवडे पाळीपाळीने काम द्यावे. जे मूल नायक शोभेल असे वाटत होते, त्याहून निराळेच पुढे येते असा अनुभव आहे.

गटाचा पहिला खेळ म्हणून निरीक्षणाचा खेळ घ्यावा. चिंचोका, कवडी, सागरगोटा, खडू, कणसाचे दाणे, पक्ष्याचे पीस अशा दहा-बारा वस्तू फडक्यावर मांडून एक मिनिट दाखवाव्यात, मग झाकाव्यात. षटकाने मिळून वस्तू आठवावयाच्या. एकट्यास पाच आठवतात, सहा जणांस मिळून बहुधा सर्व आठवतात. सहकार्याचा धडा व्याख्यान न देता मिळतो.

अखेरच्या पंधरा मिनिटांस पालकांस बोलवावे. प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या माणसाचा हात धरून त्यास वर्तुळात आणावे व परिचय द्यावा. ज्याच्या घरचे कोणी आले नसेल, त्याच्याबरोबर शिक्षकांनी उभे राहावे. गणवेशाची गोष्ट आता काढण्यास हरकत नाही. परंतु तो सर्वांचा होईपर्यंत कोणीही घालावयाचा नाही, आणि ज्या घरास खर्च झेपत नाही त्याची व्यवस्था शाळेने गाजावाजा न करता करावी.

शिक्षकांची वही

प्रत्येक सभेनंतर त्याच दिवशी शिक्षकांनी वही न चाळता, आठवून प्रत्येक मुलाविषयी एक ओळ लिहावी: ‘आज हसला’, ‘चेंडू टाकताना नाव विसरली, पण पुन्हा विचारून घेतले’, ‘शेजारच्याशी बोलला नाही’. लिहिताना एखाद्या नावापुढे काहीच सुचत नाही, असे हमखास होते. ती रिकामी ओळच त्या दिवसाची सर्वांत महत्त्वाची नोंद होय. पुढील सभेत पहिली हाक त्या मुलास मारावी.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात जातात व हंगाम संपल्यावर परततात. एका शाळेतील मूल मध्येच नाहीसे होते, दुसऱ्या शाळेत मध्येच उगवते. जाणाऱ्या मुलाचा बिल्ला फेकू नये. षटकाच्या खुंटीवर तो तसाच टांगून ठेवावा, म्हणजे परत येणाऱ्यास आपली जागा राखली होती हे दिसते. नव्याने येणाऱ्या मुलासाठी दुसऱ्या सभेतील ‘दोघांचा शब्द’ पुन्हा एकदा करावा. त्यास दहा मिनिटेही लागत नाहीत.

तिसऱ्या सभेच्या शेवटी शिक्षकांनी एकच कसोटी लावावी. कोणत्याही मुलास वर्तुळाच्या मध्ये उभे करून विचारले असता, त्यास उरलेल्या अकरांची नावे सांगता येतात काय? येत असतील तर पथक उभे राहिले असे समजावे. वचन, नियम व सलामी आता शिकविण्यास हरकत नाही. येत नसतील तर चौथी सभाही परिचयासाठीच घ्यावी. त्यात वेळ वाया गेला असे मानू नये. कुंपणापाशी एकही मूल उभे राहिले नाही, म्हणजे तो वेळ कारणी लागला.