बर्लिनचे जुने बाजार

बर्लिनमध्ये नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या प्रत्येकाने, फर्निचरच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी, एक रविवार जुन्या बाजारासाठी अवश्य राखून ठेवावा. कारण कायद्यान्वये बहुतेक दुकाने ज्या दिवशी बंद असतात, त्याच दिवशी या नगरीचे जुने बाजार पूर्ण वैभवाने भरतात. ज्या भूमीवरून एकेकाळी शहराला दुभंगणारी भिंत गेली होती, तेथे भरणारा माउअरपार्कचा बाजार सर्वश्रुतच आहे. परंतु निवांतपणे जिन्नस न्याहाळायचे असतील, तर जवळच्याच आर्कोनाप्लाट्झची वाट धरावी. चिनी मातीची बशी उपडी करून तळाचा कारखान्याचा शिक्का वाचावा, काठावरून हलकेच बोट फिरवून टवका उडालेला नाही याची खातरजमा करावी, आणि मगच अदबीने भाव करावा. रोख रक्कम, शक्यतो सुट्ट्या नाण्यांत, जवळ असलेली बरी. टेबल-खुर्च्यांसारख्या अवजड सामानासाठी, नगरस्वच्छतेचे काम पाहणाऱ्या सार्वजनिक संस्थेने २०२० साली राइनिकेनडॉर्फ भागात उघडलेले ‘नॉखमाल’ हे प्रशस्त दालन पाहावे.

परक्या शहराशी सलोखा जुळवण्याचा याहून स्वस्त, आणि वस्तूंचे आयुष्य वाढवणारा म्हणून याहून सत्कारणी लागणारा, दुसरा मार्ग मला ठाऊक नाही.