वजा १०६ गुणांचा शेजारी

आधी एक हिशेब. 'शेजारच्यांकडूनसुद्धा निरोप आला.' पहिलीतलं पोरही हे वाक्य ऐकून कळलं म्हणेल. पण रुडॉल्फ फ्लेश यांच्या सूत्रात ते टाकलं की गुण पडतात वजा १०६! आणि 'आता अधिदान करा' याला अधिक ६. अधिदान म्हणजे पैसे चुकते करणं. सरकारी नोकरीत नसाल, तर हा शब्द बहुधा आजच भेटला असेल.

फ्लेश मूळचे व्हिएन्नाचे. जर्मन बोलत वाढलेले, म्हणजे लांबलचक शब्दांत मुरलेले. अमेरिकेत गेल्यावर १९४८ साली त्यांनी इंग्रजीसाठी हे सूत्र काढलं : वाक्यात शब्द किती आणि शब्दात उच्चारखंड किती, बस्स. ६० ते ७० गुण म्हणजे सोपं, ३० च्या खाली डोक्याला ताप. १९७५ मध्ये अमेरिकी नौदलासाठी किंकेड आणि मंडळींनी त्याचं 'कितवी पास माणसाला कळेल' असं रूप केलं. वेबसाइटवरचा मजकूर तपासणारी कितीतरी साधनं अजून याच गणितावर चालतात. मराठीत ते सपशेल आपटतं. आपण 'कडून', 'साठी', 'सुद्धा' शब्दालाच चिकटवतो. गाडी लांबते, पण डबे सगळे ओळखीचे असतात.

मोडीपुढे तर फ्लेशसाहेबांनी हातच टेकले असते. तिथे दोन शब्दांत जागाच सोडत नाहीत. मोजता काय?

यंत्राचं मोजमाप आणखी वेगळं. 'शेजारच्यांकडूनसुद्धा' यात आपल्याला नऊ अक्षरं दिसतात. युनिकोडला दिसतात वीस, कारण काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळ्यांची वेगळी हजेरी लागते. इंग्रजी एसेमेसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. एका शेजाऱ्यातच वीस खर्ची पडली!

मजकूर सोपा असूनही पान वाचवत नसेल, तर दोष मांडणीचा असू शकतो. इंग्रजी पानाचा साचा जसाच्या तसा मराठीला चढवला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. उपाय सोपा, ओळींमधलं अंतर वाढवा. अक्षरांमधलं मात्र वाढवू नका. इंग्रजी मथळे त्यानं ऐटदार दिसतात, पण आपली शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे लोंबकळतात.

शब्दांचा प्रश्न एवढ्यानं सुटत नाही. बेलापूरच्या कोकण भवनात, सरकारी मराठीचे शब्द ठरवणाऱ्या भाषा संचालनालयाचं विभागीय कार्यालय आहे. संचालनालय स्थापन झालं १९६० मध्ये, त्याचा पदनाम कोश आला १९६२ मध्ये. तेव्हापासून सरकारी मराठीची थट्टा करणं हा आपला आवडता छंद. मीही त्यात होतो, आमच्या नेरूळच्या सोसायटीची ती मीटिंग होईपर्यंत.

सेक्रेटरी मोबाइलवर एक सरकारी पान मोठ्यानं वाचत होते. 'भोगवटा प्रमाणपत्र' आलं आणि तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर हसला, "आता आणखी काय भोगायचंय?"

उत्तर दिलं तात्यांनी. चौथी शिकलेले. नवी मुंबई वसवताना सिडकोनं त्यांची जमीन घेतली, त्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरच आमची इमारत उभी आहे. 'साडेबारा टक्के' हे शब्द इथल्या गावठाणात कुणाला समजावावे लागत नाहीत, आणि भोगवटाही नाही.

"अरे, सातबाऱ्यावर असतं ना," तात्या म्हणाले, "भोगवटादार वर्ग एक, वर्ग दोन. ज्याच्या ताब्यात जागा, जो ती वापरतो, तो भोगवटादार. इमारत वापरायला हरकत नाही, त्याचा हा दाखला."

इंजिनिअर गोंधळलेलाच. शेवटी सेक्रेटरी वैतागले, "ओसी हो, ओसी!"

"हां, मग असं मराठीत सांगा ना."

तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ओसी म्हणजे रे काय?"