पिवळ्या कॅसेटीतले खेळ

नव्वदच्या दशकात सिंधुदुर्गातल्या ज्या घरांत ‘टीव्ही गेम’ होता, तिथे बहुधा एक पिवळी कॅसेट असायची. तिच्यावर ठळक आकडा: ‘9999999 इन 1’. ती यंत्रात खोचून बटण दाबलं की खेळांची यादी उघडायची. काही कॅसेटींत त्या यादीमागे समुद्र, माड आणि उडणारे पक्षी दिसायचे. यादी खाली सरकवत राहा, पानांमागून पानं. वेगळे खेळ मात्र कधी पाच-सहा, कधी वीस-पंचवीस. पुढे सगळी पुनरावृत्ती. तोच मारिओ तिसऱ्या वर्ल्डपासून, तोच रणगाडा दहाव्या स्टेजपासून, कधी नाव बदलून, कधी नुसता नवा क्रमांक लावून.

आकडा खोटा होता, पण आतले खेळ अस्सल होते. सुपर मारिओ, बॅटल सिटी, सर्कस चार्ली, रोड फायटर, एक्साइटबाइक, आईस क्लायंबर, बलून फाइट, डक हंट. कणकवलीच्या मुलाला विचारा नाहीतर वेंगुर्ल्याच्या, थोड्याफार फरकाने हीच नावं सांगेल. जपानच्या मूळ यंत्रासाठी हजाराहून अधिक खेळ निघाले होते. मग आपल्या वाट्याला हेच मूठभर का आले? ते मुलांनी निवडले नव्हते, दुकानदारानेही नव्हते. ते निवडले मेमरी चिपच्या किमतीने. आणि माझ्या मते इतकी चोख निवड एखाद्या जाणकार संपादकालाही साधली नसती.

मूळ यंत्र निन्टेन्डोचं, नाव फॅमिकॉम. मासायुकी उएमुरा यांनी ते घडवलं आणि 15 जुलै 1983 रोजी जपानात ते 14,800 येनला विक्रीस आलं. आत आठ बिटांचा प्रोसेसर, वेग 1.79 मेगाहर्ट्झ, कामाला मेमरी अवघी 2 किलोबाइट. खेळ राहायचा कॅसेटमधल्या चिपांत. जादा करामत न करता यंत्राला कॅसेटमधून 32 किलोबाइटची आज्ञावली आणि 8 किलोबाइटची चित्रं वाचता येत, मिळून 40. पहिली तीन वर्षं बहुतेक खेळ या मापात बसवले गेले. पुढे मोठे खेळ आले, त्यांच्या कॅसेटींत मेमरीची अदलाबदल करणाऱ्या जादा चिपा आल्या, आणि त्यांची नक्कल महाग पडू लागली. एका मेगाबाइटच्या चिपेत 40 किलोबाइटचे पंचवीस खेळ मावतात. नक्कल करणाऱ्याने एवढा हिशेब केला आणि 1983 ते 1986 मधले छोटे खेळ एका कवचात भरले. फॅमिकॉमच्या पहिल्या बहराचा हा संग्रह असा आपोआप तयार झाला आणि दहा वर्षं उशिराने आपल्या किनाऱ्याला लागला.

या निन्टेन्डोचा आणि सिंधुदुर्गाचा धागा मला फार जवळचा वाटतो. कंपनी 1889 मध्ये क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी काढली ती पत्ते बनवायला. हानाफुदा नावाचे ते पत्ते, एकूण 48, बारा महिन्यांचे प्रत्येकी चार, हाताने रंगवलेले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानात पत्ते नेले, राज्यकर्त्यांनी त्यांच्यावर पुन्हा पुन्हा बंदी घातली, आणि आकडे गाळून फुलं रंगवत कारागिरांनी खेळ जिवंत ठेवला. इकडे सावंतवाडीत दशावतारी गंजिफा रंगत होती: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत पानं, मिळून 120 गोल पत्ते, लाखेचा हात दिलेले. दिवसा खेळलात तर रामाच्या रंगाने सुरुवात, रात्री खेळलात तर कृष्णाच्या. क्योतोच्या पत्तेवाल्याचा पणतू हिरोशी यामाउची याने कंपनी इलेक्ट्रॉनिक खेळांकडे वळवली. सावंतवाडीची कला विझत चालली होती, ती शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात चित्रकारांना बसवून पुन्हा उभी केली. ज्या जिल्ह्याने स्वतःचा असा पत्त्यांचा संच जपला, तिथे पिवळ्या कॅसेटीकडे पोरखेळ म्हणून पाहायचं कारण नाही.

निन्टेन्डोचं अस्सल यंत्र आपल्याकडच्या बहुतेक घरांनी पाहिलं नाही. आलं ते तैवान-चीनमधल्या चिपांवर चालणारं जुळं यंत्र. तैवानच्या यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या दोन्ही मुख्य चिपांच्या प्रतिकृती काढल्या आणि त्यांवर जगभर वेगवेगळ्या नावांची यंत्रं निघाली. रशियात डेन्डी, भारतात मीडिया कंपनीचा लिटल मास्टर, आणि नंतर तर डब्यावर वाट्टेल ते नाव. या नकलांत एक फरक होता. जपानचा टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र रंगवायचा, आपला 50 वेळा. खेळाचं घड्याळ त्या रंगवण्यावर चालायचं. त्यामुळे 50 च्या यंत्रावर आपला मारिओ क्योतोतल्या मारिओपेक्षा एक षष्ठांशाने सावकाश धावायचा आणि संगीतही तेवढंच रेंगाळायचं. आम्हाला तीच त्याची खरी चाल वाटायची.

कोकणात हे यंत्र आलं ते चाकरमान्याच्या पिशवीतून. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली 26 जानेवारी 1998 ला. त्याआधी गणपतीला मुंबईहून यायचं म्हणजे रात्रभराची एसटी, आणि लॅमिंग्टन रोडला किंवा मनीष मार्केटात घेतलेला डबा मांडीवर धरून आणायचा. काहींचा आखातातल्या काकांकडून यायचा, सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्यांना गोव्याचा बाजार जवळ. यंत्राची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी खोचायची, मग चॅनलची चकती तसूतसूने फिरवत बसायचं. मुंग्यांतून चित्र उमटलं की ओटीवर आरडाओरडा. रिमोट दोन आणि पोरं दहा. ‘रे, आता माजो डाव!’ हे त्या चार-पाच दिवसांत आरतीपेक्षा जास्त वेळा ऐकू यायचं. घरातल्या मोठ्यांचं एकच म्हणणं: पिक्चर ट्यूब जाईल.

त्या घोळक्यात सगळ्यात जास्त भांडणं लावली ती बॅटल सिटीने. नामकोचा 1985 चा खेळ, आम्ही त्याला नुसतं ‘टँक’ म्हणायचो. तेरा बाय तेरा चौकटींचं मैदान, म्हणजे 169 घरं. एका घरात वीट, एकात पोलाद, कुठे पाणी, कुठे रणगाडा लपवणारी झाडी, कुठे घसरवणारा बर्फ. खाली मध्यभागी विटांच्या आडोशाला गरुडाचं चिन्ह. प्रत्येक स्टेजला शत्रूचे वीस रणगाडे येतात, त्यांतला चौथा, अकरावा आणि अठरावा लुकलुकतो. त्याला टिपलं की मैदानात बक्षीस पडतं: तारा घेतला की तोफ सुधारते, घड्याळाने शत्रू गोठतात, फावड्याने गरुडाभोवती पोलादी भिंत उभी राहते. अशा 35 स्टेजी.

या खेळाची खरी बुद्धी दोघं खेळताना कळते. जोडीदाराची गोळी लागली तर मरण नाही, पण क्षणभर जागच्या जागी खिळून राहावं लागतं, आणि नेमका तेव्हाच समोरून शत्रू येतो. त्याहून मोठा घात म्हणजे आपलीच गोळी आपल्या गरुडाला लागते आणि दोघांचाही खेळ संपतो. भावाला वाचवायला धावलेल्या भावानेच घर उडवलं, असं एका गणपतीत कितीदा तरी व्हायचं. शत्रूला हुशार करण्याची ऐपत त्या यंत्रात नव्हती, तो बराचसा बेभरवशाचा हिंडतो. खेळाची सगळी चुरस रचनाकारांनी शेजारी बसलेल्या माणसात ठेवली.

त्यात स्वतःचं मैदान बांधायचीही सोय होती. ‘कन्स्ट्रक्शन’ निवडून एकेक घर भरत जायचं. सगळं मैदान पाण्याने भरून मधोमध बेट ठेवणारे आमच्याकडे बरेच. मात्र कॅसेटमध्ये ते साठवण्याची जागा नाही. भाद्रपदात कोकणात लाईट जाणं ठरलेलं; ती गेली की मैदान गेलं. परत आली की पहिल्या विटेपासून सुरुवात. तरी बांधायचे.

बॅटल सिटीचा सगळा पसारा 24 किलोबाइट. हा लेख संगणकात देवनागरीत साठवला तर जवळजवळ तेवढीच जागा घेईल. सुपर मारिओ पूर्ण 40 घेतो, त्यात बत्तीस स्टेजी. जागा कशी वाचवली ते एकदा नीट बघा. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकच आकृती आहे, रंग तेवढा बदललेला. वर पांढरा, खाली हिरवा. वर्षानुवर्षं रोज बघूनही हे ध्यानात येत नाही. ध्यानात आल्यावर मात्र त्या माणसांच्या काटकसरीपुढे मान लवते.

काँट्रा वेगळ्या जातीचा. कोनामीचा हा खेळ फॅमिकॉमवर 1988 मध्ये आला, तो 128 किलोबाइटच्या पुढचा, त्यामुळे सगळ्या मिसळ-कॅसेटींत तो सापडत नसे आणि ज्याच्याकडे असेल त्याच्या घरी गर्दी. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए: सुरुवातीला हे दाबलं की तीन लाईफच्या जागी तीस. ही किल्ली मुळात काझुहिसा हाशिमोतो यांनी ग्रेडियस या खेळाच्या वेळी, तपासणी सोपी जावी म्हणून घातली होती. तिथून ती मालवणातल्या शाळेच्या बाकांपर्यंत तोंडी पोचली. धबधब्याच्या स्टेजला पुढचा भराभर चढला तर पडदा वर सरकतो आणि मागचा खालच्या कडेने मरतो. तिथे थांबणारा जोडीदार मिळणं भाग्याचं.

डक हंटच्या बंदुकीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण पुष्कळांना वाटतं की ती टीव्हीवर काही फेकते. ती फेकत काहीच नाही, ती बघते. नळीत एक भिंग आणि उजेड ओळखणारा छोटा भाग. चाप ओढला की यंत्र एक क्षण सगळा पडदा काळा करतं, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन रंगवतं. बंदुकीला आधी काळोख आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदकं असतील तर चौकोन पाठोपाठ येतात, उजेड कितव्या चौकोनाला दिसला त्यावरून कोणतं पडलं ते कळतं. सगळं सेकंदाच्या अगदी लहान भागात, डोळ्याला नुसतं लुकलुकल्यासारखं. काचेला नळी टेकवून मारणारी पोरंही चुकायची नाहीत, कारण तिथे चौकोनाखेरीज दुसरं काही दिसतच नाही.

काही खेळ आपल्यापर्यंत आलेच नाहीत. झेल्डा, ड्रॅगन क्वेस्ट यांसारखे दिवसेंदिवस चालणारे, गोष्ट सांगणारे खेळ. ते मोठे होते, संवाद जपानी, आणि त्यांतल्या काहींना मुक्काम साठवायला कॅसेटमध्ये बॅटरी लागायची. म्हणून आपल्या पिढीने व्हिडिओ गेम ओळखला तो एका डावात सुरू होऊन त्याच डावात संपणारा, मेलास की रिमोट पुढच्याच्या हाती देणारा. भरल्या घराला हाच प्रकार मानवणारा होता. एकट्याने महिनाभर खेळायचा खेळ गणपतीच्या ओटीवर कुणी खेळू दिला नसता.

निन्टेन्डोने फॅमिकॉम बनवणं 2003 मध्ये थांबवलं. नकला त्यानंतरही विकल्या जात राहिल्या आणि आपल्याकडच्या कित्येक कॅसेटी अजून माळ्यावर असतील. त्या उघडून पाहिल्या तर आत बोटभर हिरवी पट्टी, तिच्यावर घट्ट झालेल्या डामरासारखा काळा थेंब आणि खालच्या कडेला साठ संपर्कपट्ट्या. चिप त्या थेंबाखाली गाडलेली, ती दुरुस्त होत नाही. पट्ट्यांवर मात्र खाऱ्या हवेने हिरवट थर चढतो, आणि कॅसेट चालत नाही त्याचं कारण बहुधा तेवढंच असतं. आम्ही फुंकर मारायचो. फुंकरीने दमट हवाच आत जायची, काम व्हायचं ते काढून पुन्हा खोचल्याने. साधं खोडरबर पट्ट्यांवर हलक्या हाताने फिरवा, कोरड्या फडक्याने पुसा, मग लावा.

आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही अजून चालत असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, पांढरा चौकोन वेळेवर येत नाही आणि त्या बंदुकीला बदक दिसत नाही. कॅसेट चालू झाली की यादीच्या पानांचे फोटो काढून ठेवा, पुनरावृत्तीसकट. एका कॅसेटीची यादी दुसरीशी जुळेलच असं नाही. त्या ताडून पाहिल्या तरच कुठल्या गावात कुठले खेळ पोचले होते ते नीट लिहिता येईल.